गिअरबॉक्सचा शेंदूर

आमच्या ट्रॅक्टरचं मागचं सील दुसऱ्यांदा गेलं, तेव्हा कारण शोधायची गावात कुणाला गरजच वाटली नाही. कारण सीटवरच बसलेलं होतं. ते कारण म्हणजे मी.

डेअरीत दूध घालायला गेले, तरी मागून कुणीतरी म्हणायचं की बाईमाणूस चालवतंय म्हटल्यावर गळणारच. उचलली जीभ, लावली टाळ्याला. बोलणाऱ्यांपैकी निम्म्यांनी डोंगराच्या उतारावर सायकलसुद्धा चालवलेली नव्हती. मी त्या बोलण्याला घाबरले नाही, पण चिडले मात्र पुरेपूर, आणि ती चीड अजून गेलेली नाही. ही हकीकत मी शांतपणे सांगेन असं कुणी समजू नये.

आमचं गाव पन्हाळ्याच्या पायथ्याला, कोडोलीपासून जवळ. खाली सपाटीला ऊस आणि वर डोंगराच्या अंगाला गवताचं रान. शहरातली माणसं पन्हाळ्यावर धुकं बघायला आणि झुणका-भाकरी खायला येतात. आम्हाला त्याच डोंगरात म्हशींचा उन्हाळा दिसतो. दसरा झाला की गवत पिकायला लागतं आणि दिवाळीनंतर कापणी जोरात येते. ते वाळवून गंजी रचली नाही, तर चैत्रात जनावरांपुढं टाकायला काही उरत नाही.

लग्न होऊन आले तेव्हापासून मी ते गवत विळ्यानं कापलं आणि भारे डोक्यावरून खाली आणले. भारा घेऊन उतरताना पायाखालचं दिसत नाही, मान आखडते, गुडघे थरथरतात आणि कुसळं पाठीत शिरतात. त्या कामात मला कुणी कधी म्हणालं नाही, की बाईमाणसाला हे जमणार नाही. भारा जमतो, ट्रॅक्टर जमत नाही, हा हिशेब मला आजवर कुणी समजावून दिलेला नाही.

छोटा ट्रॅक्टर आमच्या घरात आला तो दोन भावांत सामाईक. माझे मालक शिरोलीच्या एमआयडीसीत फाउंड्रीत पाळीवर जातात. थोरले दीर शेतीचं सगळं बघतात. त्यांना मी भावजी म्हणते. उसाच्या सरींतलं काम भावजी स्वतः करायचे, पण डोंगरावर जायला त्यांची कंबर तयार नव्हती. एक-दोन ड्रायव्हर बघितले, तर ते उतार बघूनच परत गेले. मग एका सुट्टीत मालकांनी मला सपाट रानात क्लच, गिअर आणि मागचं अवजार वर-खाली करायचा हायड्रॉलिकचा दांडा शिकवला. बाकीचं मी डोंगराकडून शिकले. मागं गवत कापायचं कटर जोडायचं, खड्या चढाला वर-खाली चालायचं आणि जिथं जमीन पसरट आहे तिथं आडवं. पहिल्या वर्षी सगळं रान मी एकटीनं उतरवलं. वरच्या टप्प्यावर बसून भाकरी खाताना खाली वारणेचं खोरं दिसायचं, आणि मला वाटायचं की आता मला इथून कुणी उठवू नये. इतकं सुख मला घरात कुठं मिळालेलं नाही, आणि हे म्हणायला मला लाज वाटत नाही.

भावजींना हे पटलेलं नव्हतं. पण ते मला तसं सांगू शकत नव्हते, कारण ते माझ्याशी बोलतच नाहीत. भांडण म्हणून नव्हे, रीत म्हणून. थोरल्या दिरानं धाकट्या भावजयीशी समोरासमोर बोलायचं नाही आणि तिनंही डोक्यावर पदर घेऊन बाजूला व्हायचं, हे आमच्या घरात अजून चालतं. त्यामुळं मला सांगायचं ते भावजी जाऊबाईंना सांगतात, मी तिथंच दोन हातांवर उभी असले तरी. "तिला सांग, डिझेल संपलंय." जाऊबाई माझ्याकडं बघतात, मी मान हलवते, जाऊबाई त्यांना सांगतात की बघते म्हणाली. कधीकधी जाऊबाई घरात नसल्या, तर ते म्हशीला सांगतात. आमच्या म्हशीला ट्रॅक्टरविषयी पुष्कळ माहिती आहे.

ट्रॅक्टर घरी आला त्या दिवशी पूजा भावजींनीच केली. बॉनेटवर स्वस्तिक काढलं, नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली. मग गाडीला प्रदक्षिणा घालताना त्यांना सीटच्या मागं, गिअरबॉक्सच्या पाठीवर, एक गोल टोपी दिसली. बोराएवढी, वर आलेली, मधोमध एकटीच. आमच्याकडं बांधावर असा गोल दगड दिसला, की त्याला शेंदूर लागल्याशिवाय राहत नाही. भावजींनी शेंदूर तेलात कालवला आणि त्या टोपीला नीट चोळून लावला. हा गाडीचा देव, असं ते म्हणाले. तेव्हापासून दर अमावास्येला आणि खंडेनवमीला त्या देवाला शेंदूर चढायचा. पुरुषानंच लावायचा, बाईनं हात लावायचा नाही. मीही रोज चढताना लांबूनच त्याला नमस्कार करायचे. गाडीला देव असला तर उतारावर बरंच, असं मला वाटायचं.

दुसऱ्या वर्षीच्या कापणीत डाव्या मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला तेलाचा ओघळ दिसायला लागला. चाकाचा आस गिअरबॉक्समधून जिथं बाहेर येतो, तिथं रबराचं सील असतं. आतलं तेल आत ठेवायचं, एवढंच त्याचं काम. आमच्या गाडीत त्याच्या लगेच बाहेर ब्रेक असतो. म्हणजे सील पाझरलं की तेल जमिनीवर पडायच्या आधी ब्रेकवर जातं. सपाटीला याचं काही वाटत नाही. डोंगरावर वाटतं.

मला ते एका दुपारी कळलं. वरच्या टप्प्यावरून सरळ खाली उतरत होते. वेग वाढतोय असं वाटून मी ब्रेक दाबला, तर उजव्या चाकानं धरलं आणि डावं घसरतच राहिलं. गाडी एकदम उजवीकडं फिरायला लागली, म्हणजे उताराला आडवी व्हायला लागली. तिथं आडवं होणं म्हणजे उलटणं. मी ब्रेक सोडून दिला. क्लचला पाय लावला नाही, गाडी पहिल्या गिअरमध्येच राहू दिली, आणि हायड्रॉलिकचा दांडा ढकलून कटर धाडकन खाली टाकलं. ते गवतात आणि मातीत रुतलं, गाडी दोन हिसके खाऊन बांधाच्या अलीकडं थांबली. मी भ्याले होते, भरपूर भ्याले होते. पण मी तिथून पळाले नाही. खाली उतरले, चाकांना दगड लावले आणि मग बसले.

पलीकडच्या रानात गवत कापणाऱ्या बायकांनी हे बघितलं. संध्याकाळपर्यंत गावात बातमी झाली की बाईनं ट्रॅक्टर पाडला. पाडला नव्हता. पाडला नाही, हीच तर सगळी गोष्ट होती. पण न पडलेल्या ट्रॅक्टरची बातमी होत नाही.

कोडोलीहून मिस्त्री आला. माणूस चांगला, हात सफाईचा. काम सुरू करण्याआधी तो सीटच्या मागं गेला, शेंदराच्या देवाला हात जोडले, मग पाना हातात घेतला. सील बदललं, ब्रेकच्या प्लेटा धुतल्या, तेल भरलं. जाताना मला म्हणाला, की उतारावर आडवं चालवलं की तेल खालच्या अंगाला साठतं आणि सीलवर भार येतो, तेव्हा जरा जपून. त्यात खोटं काही नव्हतं. मी आडवं चालवणं बंद केलं आणि जिथं पसरट होतं तिथंही वर-खाली करत बसले. काम दुप्पट झालं. तरी नव्या सीलमधून काही दिवसांत पुन्हा ओघळ आला, आणि आता उजव्या बाजूनंही. मिस्त्री पुन्हा आला, पुन्हा देवाला हात जोडले, दोन्हीकडची सीलं बदलली. या वेळी त्यानं मला काही सांगितलं नाही, भावजींना सांगितलं. हलक्या आवाजात, सीटकडं बोट करून. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा प्रकार चालला होता, पण बंब चालवणारे सगळे खुशीत होते.

त्या रात्री जेवताना भावजी जाऊबाईंना म्हणाले, "तिला सांग, ट्रॅक्टर इकायचा ठरवलाय. चंदगडाकडचं गिऱ्हाईक हाय, काजूच्या बागेत गवत मारायला पाहिजे त्यास्नी. डोंगर औंदा तोडीवर देऊन टाकू. एखाद्या दिवशी गाडी अंगावर पडली, तर लोकं मला इचारतील."

भाकरी माझ्या हातातच राहिली. डोंगर तोडीवर गेला म्हणजे गवत दुसऱ्यांनी कापायचं आणि आमच्या वाटणीचं आम्ही डोक्यावरून आणायचं. पुन्हा भारा. पुन्हा ती मान. मालकांकडं बघितलं, तर ते आमटीत भाकरी कुस्करत होते. मागाहून मी त्यांना विचारलं, तेव्हा म्हणाले, की थोरल्यापुढं मी काय बोलू, आणि मी कुठं त्या सीटवर बसतोय. एवढं प्रामाणिक उत्तर दिल्याबद्दल मी त्यांना माफ केलं, पण लगेच नाही.

भावजींनी ट्रॅक्टरची किल्ली आपल्याजवळ ठेवली होती. गिऱ्हाईक रविवारी येणार होतं, तोवर गाडी हलवायची नाही असा हुकूम होता. ते शुक्रवारी पन्हाळ्याला तालुक्याच्या कचेरीत गेले आणि जाऊबाई पदराच्या टोकाला काहीतरी बांधून माझ्याकडं आल्या. गाठ सोडली. आत किल्ली होती.

"मला काय म्हाईत न्हाय," त्या म्हणाल्या. "खुंटीवरनं पडली असंल."

मला डोंगरावर जायचं नव्हतं. मला एकच गोष्ट बघायची होती. गळती उताराची आहे, बाईची आहे, की आणखी कशाची. मी गाडीला माती फोडायचा रोटाव्हेटर जोडला आणि ऊस तुटून मोकळ्या झालेल्या रानात गेले. ते रान इतकं सपाट आहे की पाणी सोडलं तर कुठल्या बाजूला जावं हे पाण्याला कळत नाही. सुरुवातीला दोन्ही चाकांच्या आतल्या बाजू कोरड्या होत्या. मी बोट फिरवून बघितलं. मग ऊन चढेपर्यंत चालवत राहिले. गिअरबॉक्स तापला, रोटाव्हेटरचा आवाज जड झाला, आणि उतरून बघते तर दोन्हीकडं ओघळ. कोरीकरकरीत सीलं, सपाट रान, आडवंतिडवं काही नाही, आणि तेल चाललंय.

म्हणजे उतार सुटला. उरले मी. पण सपाट रानात सीटवर नुसती बसून मी सील कसं काय फोडलं असेल, ते कुणीतरी मला सांगायला हवं होतं. माझं वजन तेवढं नाही.

आत तेल किती उरलंय बघावं म्हणून मी तेल मोजायच्या पट्टीचं बूच फिरवलं. अर्धं फिरलं तोच फस्सकन आवाज आला आणि तेलाचे गरम शिंतोडे माझ्या मनगटावर उडाले. आत हवा कोंडली होती. मी हात झटकत तशीच उभी राहिले, आणि सगळं एकदम समजलं. तेल तापलं की त्यावरची हवा फुगते. तिला बाहेर पडायला वाट पाहिजे. वाट नसली की ती जिथं मऊ लागेल तिथून तेलाला बाहेर ढकलणार, आणि सगळ्यात मऊ म्हणजे सील.

इथं एक सांगते. ही गोष्ट मी पुढं ज्यांना ज्यांना सांगितली, त्यातल्या बहुतेकांनी हसून विचारलं की तुम्हाला कुकर आठवला असेल ना. मला कुकर आठवला नाही. बाईला यंत्र कळलं की लोकांना त्यात स्वयंपाकघर शोधायचं असतं. मला यंत्र कळलं, ते मी दोन हंगाम त्यावर बसले होते म्हणून. कुकर माझ्याकडं आहे, त्यात मी डाळ शिजवते.

मग मी वाट शोधायला लागले. गाडी बनवणाऱ्यानं ती ठेवलेली असणारच. गिअरबॉक्सच्या पाठीवरची एकेक वस्तू बघितली. हा नट, हा नट, ही पट्टी, हा हायड्रॉलिकचा पाइप. आणि हा देव.

देवाला मी कधी जवळून बघितलं नव्हतं. बोराएवढा होता तो आता लिंबाएवढा झालेला. वरून केशरी, खाली लाल, बुडाला काळा, आणि धुळीनं दगडासारखा घट्ट. मी हात जोडले. मग खुरपं आणलं.

पहिला टवका काढताना हात अडखळला, खोटं कशाला बोलू. बाईनं हात लावायचा नाही हे इतकी वर्षं ऐकलेलं अंगात कुठंतरी बसलेलं असतंच. पण मनगट अजून चुरचुरत होतं, आणि तेवढ्यानं हात पुढं गेला. थरामागून थर निघाला. प्रत्येक अमावास्येचा एक. खाली लोखंडाची टोपी निघाली, टोपीच्या कडेला बारीक भोकं, सगळी शेंदरानं बुजलेली. डिझेलमध्ये ब्रश बुडवून घासली, तार घातली, फुंकर मारली. शेवटच्या भोकातून वारा पलीकडं गेला तेव्हा मी मोठ्यानं हसले. रानात कुणी नव्हतं, असतं तरी हसले असते.

निघालेला शेंदूर मी फेकला नाही. केळीच्या पानात गोळा केला आणि विहिरीत सोडला. तेवढी रीत मलाही कळते.

पुन्हा आस पुसून कोरडे केले आणि पुन्हा गाडी चालवली, पहिल्यापेक्षा जास्त वेळ. गिअरबॉक्सला हात लावला तर चटका बसत होता. आसाला हात लावला तर कोरडा. दोन्हीकडं कोरडा.

भावजी परत आले तेव्हा मी अंगणात ब्रेक धूत होते. त्यांनी गाडी बघितली, मग मागं जाऊन देव बघितला. तिथं नुसती लोखंडाची टोपी चमकत होती. त्यांचा चेहरा असा झाला, की मला क्षणभर वाईट वाटलं. मग ते दाराकडं वळून जाऊबाईंना म्हणाले, "इचार तिला, देवाला खुरपं लावलं व्हय?"

मीही जाऊबाईंनाच म्हणाले, "सांगा त्यास्नी, देव गुदमरला हुता."

जाऊबाई कुणाला काहीच न सांगता आत गेल्या. आतून भांडं पडल्याचा आवाज आला, आणि त्यामागून त्यांचं दाबलेलं हसू.

भावजी त्या दिवशी जेवले नाहीत. मालक घरी आल्यावर त्यांना मधे घेऊन बोलले, की घरातला देव गेला आणि बाईच्या हातानं गेला. ट्रॅक्टर आता ठेवायचाच नाही. गळती थांबलीय, हे मालकांनी सांगून बघितलं. पण भावजींचं म्हणणं एकच, गिऱ्हाइकाला शब्द दिलाय. तेव्हा मला कळलं की गळती हे कारण कधी नव्हतंच. गळती थांबवून मी त्यांच्या हातातलं निमित्त काढून घेतलं होतं, एवढंच.

रविवारी चंदगडाचं गिऱ्हाईक, म्हणजे पावणं आलं. पोटानं मोठा, बोलायला गोड माणूस. गाडीभोवती फिरला, टायर बघितले, म्हणाला की आमचा उतार ह्याच्यापेक्षा भारी हाय, चढून दाखवा. भावजी सीटकडं निघाले. मी त्यांच्या आधी जाऊन बसले.

मालक पाळीवर गेले नव्हते, ते भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी भावजींकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि खाली वाकून कटरची पिन नीट बसलीय का ते बघायला लागले. लग्नापासून एवढ्या उघडपणे माझ्या बाजूला ते पहिल्यांदाच आले होते.

मी वर गेले. वरचा टप्पा कापायचा राहिलाच होता, गवत वाळून कुरकुरीत झालेलं. सगळा टप्पा उतरवला. मुद्दाम आडवीही चालवली, जिथं पसरट आहे तिथं, जशी पहिल्या वर्षी चालवायचे तशी. मग त्याच उतारावरून सरळ खाली आले, जिथं त्या दुपारी गाडी फिरली होती. ब्रेक दाबला. दोन्ही चाकांनी सारखं धरलं. मी तिथं मुद्दाम पुन्हा सोडून पुन्हा दाबला. खालून सगळे बघत होते, बघू देत.

अंगणात येऊन इंजिन बंद केलं, पण उतरले नाही. भावजी पुढं झाले, खाली वाकले, डाव्या चाकाच्या आत बोट फिरवलं. मग उजव्या. बोट उजेडात धरून बघितलं. बोटाला धूळ होती, तेल नव्हतं. पावणं खूश होऊन म्हणालं की गाडी एकदम बेस हाय, आजच घेऊन जातो.

डोक्यावरचा पदर उतारावर कधीच मागं गेला होता. मी तो पुन्हा घेतला नाही. जाऊबाईंकडं बघितलं नाही आणि म्हशीकडंही नाही. सरळ भावजींना म्हणाले, "भावजी, इकायचा आसंल तर खरं कारण सांगून इका. गळतोय म्हणून न्हाय. बाई चालवतीय म्हणून इकालोय, आसं सांगा पावण्यास्नी."

ते कारण गावात शंभर तोंडांनी फिरलं होतं, पण परक्या माणसासमोर, कोरडं बोट समोर धरून, ते भावजींच्या तोंडून निघेना. पावणं इकडं बघतंय, तिकडं बघतंय. शेवटी त्यानं, ह्यो तुमच्या घरचा मामला हाय, असं म्हणून चहा मागितला. चहा पिऊन, जाऊबाईंच्या हातचे पोहे खाऊन ते चंदगडाला गेलं. ते गेटाबाहेर पडेपर्यंत मी सीटवर होते. माझा चहा जाऊबाईंनी तिथंच वर आणून दिला.

नंतर मिस्त्रीला मी ती टोपी दाखवली. त्यानं ती बोटानं फिरवली आणि कपाळावर हात मारून घेतला. "वैनी, ब्रीदर हाय की ह्यो, आतली हवा भायेर सोडायचा. मी तर दर टायमाला पाया पडून कामाला लागायचो." देवाला पाना कसा लावायचा म्हणून त्यानं तिकडं बघितलंच नव्हतं. मला त्याचा राग आला नाही. पाया पडण्यात मी कुठं मागं होते. फक्त गळतीचा आळ देवावर नाही, ब्रीदरवर नाही, शेंदरावर नाही, तो सरळ माझ्यावरच आला, त्याचा राग मात्र आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि संन्याशानं वर आभारही मानायचे.

भावजी माझ्यावर खूश झाले, असं लिहायला बरं वाटलं असतं. तसं झालं नाही. वर्षभर ते माझ्याकडं न बघता गेले. अमावास्या आल्या आणि गेल्या, शेंदूर लागला नाही, सील गेलं नाही. मी गाडी चालवत राहिले.

मग यंदाची खंडेनवमी आली. विळे, खुरपी, कुऱ्हाड, पंप, मोटरसायकल, सगळं धुऊन अंगणात मांडलं. ट्रॅक्टर मी घासूनपुसून मध्ये उभा केला, झेंडूची माळ घातली. भावजी ताट घेऊन बाहेर आले. ताटात वाटी होती, वाटीत तेलात कालवलेला शेंदूर. ते ट्रॅक्टरला फेरी घालून सीटच्या मागं गेले आणि त्या लोखंडाच्या टोपीसमोर थांबले. बोट शेंदरात बुडवलेलं, हात तसाच वर धरलेला. मी जागची हलले नाही. लावला असता तर सगळ्यांसमोर पुसला असता, हे मी मनात ठरवून उभी होते, आणि मला वाटतं ते त्यांना दिसत होतं.

"इचार तिला, कुठं लावू," ते जाऊबाईंना म्हणाले.

जाऊबाई माळ ओवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, की ती तिथंच उभी हाय, तुम्हीच इचारा.

मग भावजी माझ्याकडं वळले. इतक्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदा मला बघून विचारलं, "कुठं लावू?"

"स्टेअरिंगला," मी म्हणाले. "सगळीकडनं."

त्यांनी लावला. गोल, चोळून चोळून, जसा ते पूर्वी टोपीला लावायचे तसा.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी कापणीला डोंगरावर गेले. खालच्या टप्प्यावर गवत पिकलेलं होतं आणि स्टेअरिंगवरचा शेंदूर अजून ओलसर होता. दुपारी भाकरी सोडायला बसले, तेव्हा माझे दोन्ही तळहात केशरी झाले होते. पलीकडच्या रानातल्या बायका पाणी प्यायला आल्या. त्याच, ज्यांनी मला उतारावर बघितलं होतं. एकीनं विचारलं, की हाताला हे काय लागलंय.

"शेंदूर हाय," मी म्हणाले. "भावजींनी लावलाय." आणि तसल्याच हातानं भाकरी मोडली.